घोडेगावचा बारगीर

इतिहास शिकवण्याचा धंदा तीस-पस्तीस वर्षं केला की माणसाला एक खोड लागते. समोर कुठलीही वस्तू आली की ती आधी कुठं होती, कुणी आणली, हेच त्याला आठवायला लागतं. ताटात बटाटा पडला की मला पोर्तुगीज आठवतात. चहाचा कप हातात आला की ईस्ट इंडिया कंपनी आठवते. आमच्या सौ.चं म्हणणं असं की, एवढं सगळं आठवतं तर दळण आणायचं तेवढंच कसं आठवत नाही?

त्यामुळे निवृत्तीनंतर मी मोटारसायकल घेतली तेव्हा मला घोडा घेतल्यासारखंच वाटलं, यात नवल नाही. गाडी चिरंजीवांनी पुण्याहून निवडून दिली. लांबच्या प्रवासाची, उंच, दांडगी, दोन्ही बाजूंना गोण्या लादल्यासारख्या दोन पेट्या. कंपनीचं नाव सांगत नाही; घरचं भांडण चावडीवर नेऊ नये. गाडीवर बसायला मला अजूनही फूटपाथची कड लागते. पण एकदा बसलो की मी शिलेदार. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या स्वतःच्या घोड्यावर बसणारा तो शिलेदार, ही व्याख्या मी वर्गात निदान तीस वेळा फळ्यावर लिहिली असेल.

पूर्वी जिथं मीटर असायचं तिथं या गाडीला पडदा आहे. त्यावर वेग दिसतो, गिअर दिसतो, आहे त्या पेट्रोलात किती किलोमीटर जाल ते दिसतं, रस्त्याचा नकाशा दिसतो आणि कुणाचा फोन येतोय तेही दिसतं. सासुरवाडीचा फोन आला तर अंगठ्याच्या एका दाबानं तो बंद करता येतो. मागच्या सीटवरून हे दिसत नाही, ही त्या पडद्याची सगळ्यात मोठी सोय.

तर त्या दिवशी आम्ही दोघं नगरहून छत्रपती संभाजीनगरला निघालो होतो. धाकट्या बहिणीच्या नातीचं बारसं होतं, मुहूर्त साडेपाचचा. पेटीत चांदीचे वाळे होते. घोडेगाव आलं आणि सौ. म्हणाली, "अहो, चहा घेऊ या." बाजाराचा दिवस होता. एकीकडे कांद्याच्या गोण्यांनी लादलेल्या गाड्या, दुसरीकडे म्हशी, गाई, बैल, आणि त्या सगळ्यांमधून वाट काढणाऱ्या एस.ट्या. मी गाडी एका टपरीसमोर लावली. किल्ली काढणार तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली : नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. आता की नंतर?

आता तुम्हीच सांगा. जन्मभर सरकारी पत्रकांना 'त्वरित कार्यवाही' असा शेरा मारलेला मी माणूस, 'नंतर' कसं म्हणणार? शिवाय सौ.ला चहाबरोबर भजीही हवी होती. मी 'आता' दाबलं. मग एक लांबलचक मजकूर आला, खाली 'मान्य आहे' असं बटण. तेही दाबलं.

"काय लिहिलं होतं?" सौ.नं विचारलं.

"वाचलं नाही."

"पोरांना सांगायचात, प्रश्नपत्रिका नीट वाचा म्हणून."

पडद्यावर एक पट्टी सरकू लागली. पाच टक्के, बारा टक्के, तीस टक्के. खाली सूचना होती : किल्ली बंद करू नका. मी केली नाही. पट्टी अडुसष्टपर्यंत आली आणि तिथंच बसली. भजी संपली, दुसरा चहा झाला, तरी अडुसष्ट. वर्गातला एखादा मुलगा जसा दरवर्षी त्याच बाकावर दिसतो, तशी. मग एकदम पडदा काळा झाला. स्टार्टरचं बटण दाबलं, तर गाडीनं हूं की चूं केलं नाही.

इथं मला इतिहास आठवू लागला. मोकळा वेळ भरपूर होता.

वेग दाखवणारं मीटर हे मुळात मोठं प्रामाणिक यंत्र. १९०२ साली ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन गृहस्थांनी त्याचं पेटंट घेतलं. चाकाकडून एक केबल येते आणि मीटरच्या पोटातलं लोहचुंबक फिरवते. त्याच्याजवळ ॲल्युमिनियमची एक वाटी असते, चुंबकाला न टेकलेली. चुंबक फिरलं की वाटी त्याच्यामागून ओढली जाते आणि एक नाजूक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. या ओढाताणीत काटा जिथं थांबेल तो तुमचा वेग. मला ही रचना फार घरगुती वाटते. एकजण पुढे ओढतो, एकजण मागे ओढते, आणि त्यातून जो निघतो तो संसाराचा वेग.

या यंत्राला कुणाची परवानगी लागत नसे. १९५५ साली मद्रासेत एन्फिल्डचा कारखाना निघाला. त्या जुन्या बुलेटच्या दिव्याच्या डोक्यावर एक वेगाचा काटा आणि एक छोटा अँपिअरचा काटा, एवढ्यावर लोकांनी हिमालय पाहिला. आमच्या नगरच्या कायनेटिकची लूना १९७२ साली आली. तिचं तर काहीही बिघडलं तरी पायडल मारत घरी जाता येई. माझ्या वडिलांच्या मोटारसायकलची मीटरची केबल तुटली ती त्यांनी कधीच बदलली नाही. "वेग किती आहे ते कळून काय करायचंय? टोपी उडायला लागली की कमी करायचा," असं ते म्हणत. काटा मेला तरी गाडी जिवंत असे, कारण मीटर हा फक्त साक्षीदार होता. गाडी चालवायचं काम त्याच्याकडे नव्हतं.

साक्षीदाराचा कारभारी कधी झाला, तेही आम्हा इतिहासवाल्यांना सांगता येतं. १९८६ साली बॉश या जर्मन कंपनीनं एक युक्ती जगापुढे मांडली. गाडीतल्या प्रत्येक यंत्राला वेगळी तार ओढण्याऐवजी सगळ्यांनी दोन सामाईक तारांवर एकमेकांशी बोलायचं. चाळीतल्या सामाईक गॅलरीसारखी सोय. एकाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना कळतं. मग १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे प्रदूषणाचे बीएस-सहा नियम आले आणि मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेट्रोल किती फवारायचं हे संगणक ठरवू लागला. एकदा पोटात संगणक आला म्हटल्यावर तोंडावर पडदा यायला वेळ लागत नाही. चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या गाड्यांवर तो आला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात गोव्यात रॉयल एन्फिल्डनं नवी हिमालयन बाजारात आणली तिच्या गोल पडद्यावर गूगलचा नकाशाच उघडतो. दोन काट्यांपासून इथपर्यंत अडुसष्ट वर्षं लागली. माझी पट्टीही अडुसष्टवरच अडली होती, हा केवळ योगायोग.

माझ्या गाडीत पडदा आणि इंजिन अशाच दोन तारांवर बोलतात. पडद्याची दातखीळ बसली की इंजिन मुकाट बसतं.

एव्हाना आमच्याभोवती माणसं जमली होती. बाजारच्या दिवशी घोडेगावात जनावर बसलं तरी माणसं जमतात. ही तर मोटारसायकल. एका मुंडासेवाल्या बाबांनी गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "लाइट चालू हाय तुमचा."

मी त्यांना समजावून सांगितलं की १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांचा दिवा कायद्यानं सदैव चालूच असतो, तो बंद करायचं बटणच नसतं. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. दुसरा आला. "सर, दिवसाढवळ्या लाइट लागलाय." त्यालाही १ एप्रिल सांगितला. तिसऱ्यानं नुसती बोटांची मूठ उघडझाप करून दाखवली. त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं.

मुंडासेवाले बाबा बैल बघायला आले होते. टपरीशेजारीच त्यांनी एका बैलाचा जबडा उघडला, खालचे दात पाहिले आणि सोडून दिला. "चारदाती सांगत व्हता. जुळलाय." दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही दात पुरे झाले की जुळलेला. जनावराचं किलोमीटर-मीटर देवानं तोंडात बसवलंय. मग सौदा सुरू झाला, रुमालाखाली, बोटांवर. आत काय ठरलं ते रुमालालाच ठाऊक.

मला वाटलं, काय बदललं? विकणाऱ्याला वय लपवायचंय, घेणाऱ्याला ते वाचायचंय. बिलंदर व्यापारी म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत खळगे कोरून, काळा डाग देऊन त्याला तरणा करत. पुढे त्यांचेच वारस मीटरचे आकडे उलटे फिरवू लागले. अलाउद्दीन खिलजीनं चौदाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली. हजेरीला चांगला घोडा दाखवायचा आणि लढाईला तट्टू आणायचं, ही सरदारांची चलाखी त्याला मोडायची होती. सोळाव्या शतकात अकबराला तेच पुन्हा करावं लागलं. म्हणजे मधल्या काळात चलाखी टिकून होती.

मी कंपनीच्या मदत-क्रमांकाला फोन लावला. आधी संगीत वाजलं, मग एका अतिशय गोड आवाजाच्या मुलीनं माझी ओळख पटवायला सुरुवात केली. गाडी माझी, पैसे माझे, पण खातं काढलं होतं चिरंजीवांनी. तेव्हा ओटीपी गेला पुण्याला, चिरंजीवांच्या फोनवर, आणि चिरंजीव मीटिंगमध्ये. घोडेगावातून रस्ता फुटतो तो शनिशिंगणापूरला. ज्या गावाच्या घरांना दारं नाहीत अशी जगभर ख्याती, त्याच्या फाट्यावर उभा राहून मी माझ्याच गाडीत शिरायला ओटीपी मागत होतो.

अर्ध्या तासानं ओटीपी मिळाला. मुलगी म्हणाली, "सर, आपली गाडी जवळच्या अधिकृत केंद्रात घेऊन या."

"चालत नाही म्हणून तर फोन केला."

"मग टेम्पोत घालून आणा सर. आणि कृपया कुणालाही गाडी उघडू देऊ नका, वॉरंटी जाईल."

"अपडेट तुमचंच ना?"

"हो सर, पण आपण 'मान्य आहे' दाबलेलं आहे."

फोन ठेवला आणि फळ्यावर तीस वर्षं लिहिलेली व्याख्या माझ्या अंगावर आली. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो मेला तर नुकसान त्याचं, पण त्या घोड्याला कुणी न विचारता हात लावायचा नाही. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. त्यावर हुकूम सरकारचा, पण तो पडला तर दुसरा द्यायची जबाबदारीही सरकारची. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी नि एक नालबंद. पाणी आणि नाल, दोन्हीची सोय घोड्याबरोबर चालत असे. नाल निसटला म्हणून कुणी घोडा टेम्पोत घालून रायगडावर न्यायला सांगितलं नव्हतं.

मग मी कोण? गाडी माझ्या पैशाची, म्हणून शिलेदार. पण तिच्या तोंडातला लगाम कंपनीच्या हातात. तिला वाटेल तेव्हा ती गाडीला नवी विद्या शिकवणार, म्हणून बारगीर. हुकूम तिचा, नुकसान माझं. असा तिसरा प्रकार सभासदालाही ठाऊक नव्हता. आणि याला मी अंगठा लावला होता, एका हातात भजं धरून.

सुधारणा करू नयेत असं माझं म्हणणं नाही. इतिहासाचा मास्तर असलो तरी तेवढा जुना नाही. पुढे नेवासं आहे. तिथं १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नंतर नकलांवर नकला होत गेल्या, लिहिणाऱ्यांच्या हातून चुका शिरल्या, कुणी पदरच्या ओव्याही घातल्या. १५८४ साली पैठणला एकनाथांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला. या मातीतलं हे सगळ्यात मोठं अपडेट, आणि तेही दोनशे चौऱ्याण्णव वर्षांनी. पण त्यांनी ते कसं केलं पाहा. शेवटी शके लिहिला, संवत्सर लिहिलं, आणि काम काय केलं ते उघड सांगितलं : ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांनी बिघडला होता, तो शोधून नीट केला. वर बजावलं की यात कुणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. काय बदललं, का बदललं आणि काय बदलायचं नाही, तिन्ही गोष्टी पाच ओव्यांत. माझ्या गाडीच्या पडद्यानं काय सांगितलं होतं? 'कामगिरीत सुधारणा व किरकोळ दुरुस्त्या.' कुठल्या, ते रुमालाखाली.

हे सगळं मी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "छान आहे. तीन वाजले."

शेवटी टपरीवाला रस्त्यापलीकडच्या एका मिस्त्रीला घेऊन आला. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, हाताला ट्रॅक्टरचं ग्रीस. मी त्याला आधीच बजावलं, काही उघडायचं नाही, वॉरंटी जाईल. तो म्हणाला, "उघडत न्हाई गुरुजी. हॉर्न वाजवा."

"हॉर्नचा काय संबंध?"

"वाजवा तर."

वाजवला. बाजारातल्या एखाद्या करडानं उत्तर द्यावं असा क्षीण आवाज निघाला.

"लाइट कवापासून चालू हाय?"

मी १ एप्रिल २०१७ सांगणार होतो, पण जीभ आवरली. चहाच्या आधीपासून किल्ली चालू होती. पडद्यानं सांगितलं होतं बंद करू नका म्हणून, आणि मग पडदा काळा झाला तरी आज्ञाधारक मास्तरानं ती तशीच ठेवली होती. दोन उन्हाळे पाहिलेली बॅटरी दिव्याला तेल पुरवता पुरवता दमली होती. ज्या वस्तूला आपली जुनी विद्या पुसून नवी लिहायची असते, तिला त्या वेळेपुरता तरी पोटभर करंट लागतो. अर्ध्यात करंट कमी पडला आणि बिचारी ना जुनी राहिली ना नवी झाली. तीन माणसांनी येऊन मला रोगाचं नाव सांगितलं होतं. मी तिघांनाही कायदा शिकवला.

मिस्त्रीनं कुठल्याशा ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणली, ती बाराच व्होल्टची आहे हे मला दाखवलं, सीट काढून दोन वायरी जोडल्या. लालला लाल, काळ्याला काळी. "आता लावा किल्ली." पडदा उजळला. पट्टी पुन्हा शून्यापासून निघाली. मुंडासेवाले बाबा नवा बैल धरून शेजारी उभे राहिले. तीस झाले. पन्नास झाले. अडुसष्टला सगळ्या टपरीनं श्वास धरला. एकोणसत्तर आल्यावर कुणीतरी टाळी वाजवली. शंभर झाले, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं आणि गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली.

मी मिस्त्रीला विचारलं, "कसं ओळखलंस?"

"काय ओळखायचं त्यात? जनावर उठंना म्हणल्यावर आधी पोटाला हाय का न्हाई बघायचं."

त्यानं पैसे सांगितले ते इतके थोडे की मला ओशाळल्यासारखं झालं. दुप्पट देऊ लागलो तर निम्मे परत केले. पंचवीस घोड्यांमागचा तो नालबंद गेला असं मी समजत होतो. तो घोडेगावच्या फाट्यावर ग्रीसच्या हातांनी उभा होता. फक्त पागेच्या दफ्तरात त्याचं नाव नव्हतं, आणि त्यानं हात लावला तर वॉरंटी जाणार होती.

नव्या आवृत्तीत काय आलं म्हणाल, तर आकड्यांचं वळण थोडं बदललं, घड्याळ डावीकडून उजवीकडे गेलं, आणि नकाशाचा रंग हिरव्याचा निळसर झाला. मी घाईघाईनं गाडी एकूण किती चालली तो आकडा पाहिला. तो होता तसाच होता. आधी चाललेलं पुसलं गेलं नव्हतं, याचं मला उगाचच फार बरं वाटलं. वडिलांच्या मीटरचा आकडा केबल तुटली त्या दिवशी थांबला होता. त्यानंतरचं त्यांचं सगळं चालणं कुठंच नोंदलेलं नाही. ते फक्त मला ठाऊक आहे.

बारशाला आम्ही सहाच्या सुमाराला पोचलो. नाव ठेवून झालं होतं. बहिणीनं विचारलं, "दादा, एवढा उशीर? वाटेत काय झालं?"

मी शिलेदार आणि बारगीर यांपासून सुरुवात करणार होतो. पण सौ.नं वाळे पुढे केले आणि म्हणाली, "काही नाही गं. लाइट चालू राहिला होता."

परत येताना घोडेगावला पुन्हा चहा घेतला. पडद्यावर अक्षरं आली : एक किरकोळ दुरुस्ती उपलब्ध आहे. आता की नंतर? मी पहिल्यांदा सगळा मजकूर चष्मा लावून वाचला, खालपर्यंत. मग 'नंतर' दाबलं, किल्ली काढली आणि खिशात ठेवली. दिवा विझला. टपरीवाला म्हणाला, "आता बरं केलं."